डोळा लागण्याआधी

मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला एके काळी पनवेलला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबई बंदरातून सुटलेला मचवा भरतीचे पाणी धरून पनवेलच्या खाडीत येई. पुढचा प्रवास बैलगाडीने, घोड्यावरून नाहीतर पालखीतून. १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि चौक, खोपोली, खंडाळा अशा मुक्कामांवरून गाड्यांच्या रांगा चालू लागल्या. देशावरचा माल खाली येई, मीठ आणि नारळ वर जात. पनवेलात बैलगाडीची चाके घडवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. घाटावरचे गाडीवान माल उतरवून इथली चाके घेऊन परतत.

ऊन टाळायचे म्हणून गाड्या बऱ्याचदा रात्रीच्या चालत. जू बांधलेले, रांग लागलेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसुरी नाद. अशा वेळी गाडीवान बसल्या जागी पेंगायचा आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. बैल पुढच्या गाडीच्या मागे चालत राहत. खड्डा आला तर बाजूने जात, वाट अडली तर थांबत. माणूस झोपला तरी त्या गाडीवर चार डोळे उघडे असत. पुढे इंजिन आले, वेग आला, आणि ते चार डोळे गेले. त्यांच्या जागी दुसरे काहीतरी बसवण्याची धडपड त्यानंतर सुरू झाली. तिचा उगम पॅरिसमध्ये आहे आणि आज ती कळंबोलीच्या नाक्यावर येऊन ठेपली आहे.

डोळा हलतो कसा, हा प्रश्न आधी वाहनांसाठी कुणी विचारलाच नव्हता. तो विचारला गेला वाचनासाठी. १८७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांच्या लक्षात आले की ओळ वाचताना नजर पाण्यासारखी वाहत नाही. ती एका जागी टेकते, उडी मारते, पुन्हा टेकते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लामार यांनी पापणीवर एक साधन टेकवून त्या उड्यांचा आवाज नळीतून ऐकला आणि एका ओळीत किती उड्या पडतात ते मोजले. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनीही त्याच वर्षी पापण्यांना रबरी नळ्या लावून डोळ्यांच्या स्नायूंचा खडखडाट ऐकल्याचे नोंदवले. डोळ्याची हालचाल माणसाने मोजली ती अशी, आधी कानाने. जावाल यांना पुढे काचबिंदू झाला आणि १९०० पर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. १९०३ साली त्यांनी अंधांसाठी, अंधाच्या अनुभवातून, एक पुस्तक लिहिले. या इतिहासाचा पहिला मानकरी मला नेहमी त्या पुस्तकासकट आठवतो.

ऐकण्यावरून गाडी लिहिण्यावर आली. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या आसपास प्लॅस्टरची एक छोटी वाटी केली, तिला बाहुलीपुरते भोक ठेवले आणि ती थेट डोळ्यावर बसवली. वाटीला ॲल्युमिनियमची हलकी काडी जोडलेली. काडीचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढत जाई. डोळा बधिर करायला कोकेन वापरले जाई. त्या रेघा आज पाहिल्या तरी अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक टोकदार वळणामागे कुणाच्या तरी उघड्या डोळ्यावर टेकवलेले प्लॅस्टर आहे.

या रानटी रीतीतून सोडवणूक केली ती रेमंड डॉज यांनी. वेस्लियन विद्यापीठात थॉमस क्लाइन यांच्यासोबत त्यांनी १९०१ मध्ये जे यंत्र प्रसिद्ध केले त्यात डोळ्याला काहीच लावायचे नव्हते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि तिथून परावर्तित झालेला ठिपका हळूहळू खाली सरकणाऱ्या फोटोच्या काचेवर टिपायचा. नजर स्थिर असली की काचेवर सरळ रेघ, उडी मारली की रेघेला आडवी पायरी. पायरीच्या उतारावरून उडीचा वेग काढता येई. आज ट्रकच्या डॅशबोर्डवर बसणारा कॅमेरा याच यंत्राचा वंशज आहे. प्रकाश दुसरा आणि काचेच्या जागी चिप, इतकाच फरक.

डॉज यांची एक गोष्ट मात्र यंत्राहूनही महत्त्वाची आहे. आरशासमोर उभे राहा आणि आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा. डोळा इकडून तिकडे गेला हे नक्की, पण तो जाताना तुम्हाला दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो स्पष्ट दिसेल. नजरेच्या उडीच्या क्षणी आपले बघणे जवळजवळ बंद असते, म्हणून स्वतःच्या डोळ्याची हालचाल स्वतःला कधीच दिसत नाही. बेन्नो एर्डमान यांच्यासोबत वाचनावर काम करताना डॉज यांना हे आढळले होते. झोपेच्या बाबतीतही हीच अडचण आहे. ज्याचा डोळा आहे त्यालाच त्याच्यातला बदल कळत नाही, कळतो तो बाहेरून पाहणाऱ्याला. पुढच्या शंभर वर्षांतले सगळे संशोधन हा बाहेरून पाहणारा कोण असावा, याच शोधात गेले आहे.

उडीच्या वेगात एक खुबी आहे. उडी केवढी मारायची हे माणूस ठरवतो, पण किती वेगाने मारायची हे त्याच्या हातात नसते. मोठी उडी सेकंदाला पाचशे अंशांच्याही वर जाते, छोटी त्याहून हळू. ठराविक लांबीला ठराविक वेग, हे नाते मेंदूच्या देठातल्या पेशी सांभाळतात. ‘आज मी जरा चपळ बघतो’ म्हणून कुणी तो वेग वाढवू शकत नाही. म्हणून तपासून घ्यायला आलेल्या माणसाने कितीही तरतरीत असल्याचा आव आणला तरी डोळा खोटे बोलत नाही. डॉज यांनी फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्यासोबत १९१५ मध्ये मद्याच्या परिणामांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी मोजलेल्या गोष्टींत डोळ्यांच्या हालचाली होत्या, आणि मद्य पोटात गेल्यावर त्या मंदावल्या. १९३१ मध्ये वॉल्टर माइल्स आणि लॅस्लेट यांनी गाढ झोपाळलेल्या माणसांच्या डोळ्यांवर निबंध लिहिला. १९७५ मध्ये टेरी बाहिल आणि लॉरेन्स स्टार्क यांनी दाखवले की थकलेल्या डोळ्याची उडी एका दमात लक्ष्यावर जात नाही. अर्ध्यात दुसरी उडी तिच्यावर चढते, नाहीतर शेवटी डोळा घसरत घसरत जागेवर येतो.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले. ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांच्यापुढे हवाई दलाचा प्रश्न आला: पाणबुड्या शोधणाऱ्या विमानातला रडारवाला, चांगला शिकलेला असूनही, तास-दोन तासांत पडद्यावरचा ठिपका हुकवतो, ते का? मॅकवर्थ यांनी आकडे नसलेले एक घड्याळ केले. काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एखाद्या वेळी दुप्पट उडी घेई. दोन तास बसून ती दुप्पट उडी तेवढी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे चुकायला लागली. झोप पुरी झालेली, अंगात बळ आहे, तरी काहीच घडत नसलेल्या गोष्टीकडे टक लावून बसण्याने लक्ष ढळते, हे त्या घड्याळाने दाखवून दिले. मॅकवर्थ यांच्या घड्याळासमोरचा तो सैनिक आणि रात्री सरळ काळ्या डांबरावर एकसारखी पांढरी पट्टी बघत जाणारा ड्रायव्हर, दोघांचे काम एकच.

आता पुन्हा पनवेलला येऊ. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली, घाट चढायला पनवेलचा रस्ता घेण्याची गरज उरली नाही आणि गाव कित्येक दशके आडबाजूला पडले. मोटारी आणि ट्रक आल्यावर त्याचे दिवस पुन्हा फिरले. पळस्प्याला मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा रस्ते फुटत. कळंबोलीला पोलाद बाजार वसला. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या ट्रेलरांनी या भागातले रस्ते भरून गेले. जुन्या रस्त्यावरून पुण्याला जायचे तर पनवेल, चौक, खोपोली, लोणावळा अशी गावे आडवी येत. फाटक, बाजार, वळण, वड्याची गाडी. काही ना काही कारणाने पाय ब्रेकवर जाई. घाटात ट्रक तासन्‌तास अडकत, लोक कंटाळत. पण त्या खोळंब्यात ड्रायव्हरला दोन घास आणि अर्ध्या तासाची झोप मिळून जाई, हे आपण नंतर विसरलो.

कळंबोलीपासून देहूरोडपर्यंतचा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग २००० पासून टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण झाला. देशातला तो अशा तऱ्हेचा पहिला रस्ता. सहा मार्गिका, बोगदे, समोरून येणारी वाहतूक नाही, बैलगाडी नाही, सायकल नाही. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगला आणि तो रास्तच होता. पण या रस्त्याने गावांबरोबर थांबेही काढून टाकले. पुण्याकडून येणारा ड्रायव्हर घाटात जागा असतो. वळणे, उतार, गिअर आणि ब्रेक त्याला जागे ठेवतात. खोपोलीच्या खाली उतरून खालापूरचा टोलनाका ओलांडला की रस्ता सपाट होतो. कोकणातली दमट हवा अंगाला लागते. घाटाचा ताण उतरलेला, मुक्काम टप्प्यात आलेला, आणि घड्याळात पहाटेचे चार. माणसाच्या शरीराचे स्वतःचे घड्याळ त्याला सर्वात जास्त याच वेळी झोपेकडे ओढते. या रस्त्याचा सर्वात सोपा भाग म्हणूनच ड्रायव्हरसाठी सर्वात अवघड ठरतो.

पहाटे कळंबोलीच्या सर्कलजवळ उभे राहिले तर या लढाईचे रोजचे रूप बघायला मिळते. ट्रेलर कडेला लागतो. ड्रायव्हर दार उघडून पायरीवरच बसतो. पाच लिटरच्या कॅनमधले पाणी ओंजळीत घेऊन आधी डोळ्यांवर, मग मानेवर मारतो. क्लीनर तोवर चहा आणतो. कडक, साखर जास्त. तंबाखू मळली जाते. ‘झापड येते’ म्हणतात ते हे. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात आणि मधले दोन-तीन सेकंद हिशेबातून गळून पडतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या पुढे जाते. एवढ्या अंतरात पुढे एखादा बंद पडलेला टेम्पो उभा असू शकतो.

द्रुतगती महामार्गावरचे अपघात नीट अभ्यासायला २०१२ च्या ऑक्टोबरात सुरुवात झाली. जेपी रिसर्च इंडिया या संस्थेचे तपासनीस अपघाताच्या जागी जाऊन मोजमापे घेत, रस्ता, गाडी आणि माणूस यांपैकी कशाने काय घडले याची नोंद करत. चालकाची झोप किंवा थकवा हे त्यांना आढळलेल्या वरच्या कारणांपैकी एक होते. झोपेचा अपघात ओळखायची खूण रस्त्यावरच असते, किंबहुना नसते. जागा माणूस शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो, टायर घासल्याच्या काळ्या रेघा उमटतात. झोपलेल्याची गाडी कसलीही रेघ न ठेवता सावकाश मार्गिका सोडते आणि पूर्ण वेगाने जाऊन आदळते. २०१६ मध्ये या एका रस्त्यावर १५१ माणसे मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, महिंद्र, राज्याचे रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चे काम हाती घेतले. कठडे बांधले गेले, धोक्याच्या जागा दुरुस्त झाल्या, उभ्या वाहनांवर लक्ष ठेवले गेले, आणि २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. हे काम मोठे आहे. झोपलेला ड्रायव्हर कठड्यावर आदळून वाचावा, एवढी सोय त्यात झाली. तो झोपूच नये, याची सोय कठडा करू शकत नाही.

ती सोय शोधायचे काम अमेरिकेत १९९० च्या दशकात जोराने चालले होते, आणि तिथे उड्यांवरून लक्ष पापणीवर आले. कारण व्यवहाराचे होते. उडीचा वेग मोजायला सेकंदाला शेकडो चित्रे घेणारा महाग कॅमेरा आणि हलत नसलेले डोके लागते; धावत्या ट्रकमध्ये दोन्ही मिळत नाहीत. पापणी मोठी आहे, संथ आहे, साध्या कॅमेऱ्यालाही दिसते. व्हर्जिनिया टेकमध्ये वॉल्टर विअरविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक माप नक्की केले: ठराविक वेळातला किती टक्के वेळ पापणीने बाहुली ८० टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेली होती. झटकन मिटून उघडणारी पापणी यात धरायची नाही, फक्त जड होऊन सावकाश खाली येणारी धरायची. या मापाला पर्क्लोस हे नाव पडले.

माप काढणे एक आणि ते खरे ठरवणे वेगळे. १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड डिंजेस यांनी माणसांना ४२ तास जागे ठेवले. ठरावीक वेळाने त्यांची दक्षतेची परीक्षा घेतली: पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचे, एवढीच. बटण दाबायला उशीर झाला किंवा राहूनच गेले तर ती चूक. त्याच वेळी बाजारात येऊ घातलेली बरीच यंत्रे त्यांच्यावर लावली: मेंदूच्या विद्युत लहरी मोजणारी, पापण्यांची उघडझाप मोजणारी, डोक्याचे झुकणे मोजणारी. चुकांशी सर्वात जवळून जुळले ते पर्क्लोस. डोके झुकेपर्यंत तर बऱ्याचदा वेळ निघून गेलेली असे. पेंगणाऱ्याची मान खाली जाते तेव्हा त्याला झोप आली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती त्याच्या आधीच आलेली असते.

अंधाऱ्या केबिनमध्ये डोळा शोधायचा कसा, यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रिचर्ड ग्रेस यांच्या चमूने काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. दोन अवरक्त दिवे घ्यायचे, एक ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसरा ९५० चा. दोन्ही ड्रायव्हरला दिसत नाहीत, त्यामुळे त्रास नाही. पहिला प्रकाश डोळ्यात शिरून मागच्या दृष्टिपटलावरून परत येतो आणि बाहुली चकाकते, रात्री हेडलाइटमध्ये मांजराचे डोळे चकाकतात तशी. दुसरा प्रकाश डोळ्यातल्या पाण्यात बराचसा जिरून जातो आणि बाहुली काळीच राहते. बाकी चेहरा दोन्ही चित्रांत जवळपास सारखा. एकातून दुसरे चित्र वजा केले की नाक, कान, टोपी, सीट सगळे पुसले जाते आणि काळ्या पडद्यावर दोन चमकते ठिपके उरतात. ठिपके बारीक होऊ लागले की पापणी उतरते आहे.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात हे काम बाजारात गेले. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी चष्म्याच्या चौकटीत अवरक्त दिवा बसवून पापणीचा वेग मोजला. कॅनबेरातल्या विद्यापीठातून २००० मध्ये निघालेल्या सीइंग मशीन्स या कंपनीने कॅमेरे केले आणि ते पुढे खाणींतल्या अजस्र डंपरांमध्ये बसले. २००६ मध्ये लेक्सस मोटारीत चालकावर नजर ठेवणारा कॅमेरा आला. तेव्हा आपल्याकडच्या ट्रकला बंद केबिनही सक्तीची नव्हती. नुसती चासी कंपनीतून बाहेर पडे आणि केबिन गावोगावच्या सुतार-लोहारांकडून बांधली जाई.

तरी भारतात काम झाले नाही असे मुळीच नाही. आयआयटी खरगपूरमध्ये औरोबिंद राउत्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली यंत्रणा आपल्या रस्त्यांचा विचार करून बांधलेली होती. चालत्या गाडीत बसणारा छोटा संगणक, एक कॅमेरा, पर्क्लोसचे माप. दिवसा खिडकीतून ऊन सारखे बदलते म्हणून दिवसासाठी डोळा ओळखायची एक पद्धत, रात्री अवरक्त दिव्याच्या उजेडात दुसरी. गाडी उसळली, चेहरा वळला तरी डोळा हातचा जाऊ नये यासाठी वेगळी खटपट. निकाल मेंदूच्या लहरींशी ताडून पाहिले होते.

मग प्रश्न असा की ही यंत्रे आपल्या ट्रकमध्ये पोचायला अडले कुठे? २००३ मध्ये डिंजेस आणि हान्स व्हॅन डोंगेन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचे उत्तर आहे असे मला वाटते. त्यांनी माणसांना दोन आठवडे रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची दक्षता दिवसागणिक खालावत गेली. शेवटी ती सलग एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांइतकी खाली गेली. विशेष हे की त्या लोकांना स्वतःला तसे वाटत नव्हते. थोडी झोप येते खरी, पण सवय झाली, असे ते सांगत. ‘आपल्याला सवय आहे’ हे वाक्य कळंबोलीला कुणाही ड्रायव्हरकडून ऐकायला मिळेल. तो खोटे बोलत नाही. त्याच्या डोळ्यात काय चालले आहे ते त्याला दिसतच नाही.

आकाशातही हेच घडते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले, १५८ माणसे गेली. चौकशीत कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कप्तानाचे घोरणे ऐकू आले. उड्डाणाचा बराच वेळ ते झोपलेले होते आणि उठल्यावर झोपेची गुंगी डोक्यात तशीच होती. पनवेल तालुक्यातल्या उलव्याला आता नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे. त्याच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या वैमानिकाच्या कामाच्या तासांना निदान नियम आहेत, आणि त्या नियमांवर देशभर भांडण होते. खालच्या रस्त्यावरून कंटेनर ओढणाऱ्यासाठी असे भांडण क्वचितच ऐकू येते.

रेल्वेची गोष्ट याहून बोलकी आहे. इंजिनात दक्षता तपासणारे उपकरण असते. लोको पायलटने दर मिनिटाला काहीतरी केले पाहिजे, नाहीतर ब्रेक आपोआप लागतात. २०२३ मध्ये ईशान्य सीमा रेल्वे पापण्यांची उघडझाप पाहून झोप ओळखणारे उपकरण तयार करत असल्याची बातमी आली. त्यावर लोको पायलटांच्या संघटनेचे म्हणणे आले, ते असे: आमचा पाय मिनिटामिनिटाला पेडलवर आहेच, थकवा घालवायचा असेल तर ड्युटीचे तास, विश्रांती आणि जेवणाखाण्याची वेळ यांच्याकडे बघा. मला हे उत्तर यंत्राच्या विरोधातले वाटत नाही. उपकरण झोप ओळखते, पण झोप देत नाही, हे त्यांनी सरळ शब्दांत सांगितले.

रस्त्यासाठी हाच धागा २१ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी धरला. ट्रकचालकांचे तास वैमानिकांसारखे बांधून द्यावेत आणि व्यापारी वाहनांत झोप ओळखणारी यंत्रणा बसवावी, असे त्यांनी जाहीर केले. द्रुतगती महामार्गाचे काम सुरू झाले तेव्हा राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री तेच होते, म्हणून ही सूचना त्यांच्याकडून येण्याला अर्थ आहे. २०२५ मध्ये त्यांच्या मंत्रालयाने मसुदा काढला: मोठ्या प्रवासी गाड्या आणि ट्रक यांत चालकाची झोप व लक्ष ओळखून इशारा देणारी यंत्रणा हवी, नव्या मॉडेलांना एप्रिल २०२६ पासून. युरोपात अशी यंत्रणा नव्या प्रकारच्या वाहनांना जुलै २०२२ पासून आणि सगळ्या नव्या वाहनांना जुलै २०२४ पासून सक्तीची आहे. पण युरोपचा नियम तसाच्या तसा उचलण्यात एक खाच आहे. तिथे झोप ओळखणारी यंत्रणा ताशी ७० किलोमीटरच्या वर गेल्यावर कामाला लागते. बोरघाट उतरणारा, मग खालापूरहून पन्नास-साठच्या वेगाने ओझे ओढत येणारा ट्रेलर त्या आकड्याला शिवतही नाही. ज्याच्यासाठी हे सगळे करायचे त्याच्याच केबिनमध्ये यंत्र गप्प राहिले तर काय उपयोग? आपला आकडा आपल्या घाटावर, आपल्या ओझ्याच्या गाड्या चालवून ठरला पाहिजे. ते काम करायला पुण्यात एआरएआय आहे आणि भोसरीला सीआयआरटी आहे, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या या दोन्ही संस्था बोरघाटाच्या माथ्यापासून फार लांब नाहीत.

तासांचा कायदा तर केव्हाचाच होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते, सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही तेच तास मानले. पण बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात. खेप लवकर टाकली तर पुढची मिळते. गाडी बंदराच्या फाटकाबाहेर आठ तास रांगेत उभी राहिली तर ते आठ तास कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत, आणि ते भरून काढायचे ते रात्रीच्या झोपेतून. कॅमेरा बसला तर पहिल्यांदाच या हिशेबाचा लेखी पुरावा तयार होईल. तो पुरावा ड्रायव्हरचा पगार कापायला वापरला जाईल की त्याचे तास मालकाकडून आणि माल पाठवणाऱ्याकडून मान्य करून घ्यायला, हे नियमात आधीच लिहिले गेले पाहिजे. इशाऱ्याची नोंद कुणाकडे जाते, यावरच ड्रायव्हर कॅमेऱ्यावर फडके टाकतो की नाही हे ठरेल.

आणि इशारा वाजल्यावर त्याने करायचे काय? थांबायचे, हे उघड. पण कुठे? ५ जून २०१६ च्या पहाटे पनवेलजवळ, याच द्रुतगती महामार्गावर, टायर पंक्चर झाला म्हणून कडेला लावलेल्या दोन मोटारींवर मागून आलेली बस आदळली आणि १७ माणसे गेली. त्या रस्त्यावर कडेला थांबणे हाही मृत्यूचाच एक मार्ग आहे. फूड मॉल मोटारींसाठी आणि बसच्या प्रवाशांसाठी उभारलेले, ट्रेलरला तिथे जागा मिळाली तरी ड्रायव्हरला आडवे व्हायला जागा नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर ट्रकचालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहे बांधण्याचे जाहीर केले. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग मात्र राज्याचा, एमएसआरडीसीचा. म्हणून खालापूरचा टोलनाका आणि कळंबोली यांच्या दरम्यान, घाट उतरून आलेल्या ट्रेलरांसाठी, ऐसपैस वाहनतळ, पाणी, शौचालय आणि दोन तास पाठ टेकायला खाटा असलेली जागा ही राज्यानेच करायची गोष्ट आहे, आणि ती कॅमेऱ्यांची सक्ती लागू होण्याच्या आधी व्हायला हवी.